गाडी सुटण्यापूर्वी

यवतमाळच्या छोट्या स्थानकावर उतारू येऊन पोहोचत, तेव्हा गाडी फलाटाला लागलेली असे. डबे झाडून स्वच्छ केलेले असत. इंजिनाच्या धुराड्यातून धुराची बारीक रेघ आकाशात चढत असे. कोणी आपले गाठोडे खिडकीतून आत ढकली, कोणी कडेवरच्या मुलाला बाकावर बसवी, कोणी पानाची चंची सोडून निवांत बसे. थोड्या वेळाने शिट्टी होई, डब्यांना एक हलका हिसका बसे आणि गाडी चालू लागे. ही गाडी तयार कशी झाली, ती कोणी केली, त्याला किती वेळ लागला, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नसे. सकाळ झाली की सूर्य उगवतो, तशी वेळ झाली की गाडी सुटते, असेच जो तो धरून चाले.

परंतु सूर्य आपोआप उगवतो. गाडी आपोआप सुटत नाही. लग्नघरी पंगत बसते आणि पळसाच्या पत्रावळीवर वाफाळलेला भात पडतो, तेव्हा जेवणाऱ्याला पत्रावळ दिसते, वाढणारा दिसतो. मध्यरात्री उठून चुलाण पेटविणारा आचारी मात्र दिसत नाही. गाडीचेही असेच होते. उतारू ज्या घटकेला प्रवासाचा आरंभ समजत, त्या घटकेला कित्येकांचे अर्धे काम संपलेले असे.

मुंबईच्या बंदरात सहलीचे मोठे जहाज येऊन लागते, तेव्हा हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडते. सकाळी शेकडो प्रवासी उतरतात आणि त्याच दिवशी तितकेच नवे प्रवासी चढतात. मधल्या काही तासांत खोल्याखोल्यांतील चादरी बदलल्या जातात, जमिनी पुसल्या जातात, धान्य, भाजीपाला आणि इंधन चढविले जाते, यंत्रे तपासली जातात, संकटकाळी लागणाऱ्या होड्या जागच्या जागी आहेत की नाहीत हे पाहिले जाते. नवा प्रवासी पायरी चढून येतो, तेव्हा त्याला वाटते, हे जहाज जणू आपल्यासाठीच आज पहिल्यांदा पाण्यात उतरत आहे. कालच्या माणसाची खूण कोठेही राहू न देणे, यातच त्या कामगारांचे कसब असते.

यवतमाळ समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तेथे लाटांऐवजी कपाशीची शेते आणि ज्वारीची ताटे वाऱ्यावर हेलावतात. तरी त्या माळावरच्या गावालाही स्वतःचे असे एक छोटेसे जहाज लाभले होते. ते अरुंद रुळांवरून डुलत डुलत चाले आणि रोज नव्या उतारूंसाठी नव्याने सज्ज होई. लोकांनी त्या आगगाडीला मोठ्या प्रेमाने ‘शकुंतला’ असे नाव दिले होते.

ही गाडी प्रथमतः माणसांसाठी आणलेली नव्हतीच. वऱ्हाडची काळी जमीन आणि तीत पिकणारा कापूस यांची कीर्ती एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचली होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस येईनासा झाला आणि गिरणीवाल्यांचे डोळे भारताकडे लागले. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरपर्यंत जाऊन पोहोचला. पण यवतमाळ, दारव्हा, कारंजा ही कापसाची गावे त्या मार्गापासून दूर राहिली. तेथील कापूस बैलगाड्यांतून न्यावा लागे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या पुढाकाराने यवतमाळपासून मूर्तिजापूरपर्यंत सुमारे ११३ किलोमीटर लांबीचा मार्ग घालण्यात आला. त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. मोठ्या गाडीच्या रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर असते. त्याच्या निम्म्याहूनही हे कमी. लाडखेड, दारव्हा, कारंजा अशी गावे घेत गाडी मूर्तिजापूरला जाई. तेथे कापूस मोठ्या गाडीत चढे, मुंबईला जाई आणि जहाजांतून मँचेस्टरकडे रवाना होई.

त्याच मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले एक वाफेचे इंजिन या मार्गावर आले आणि १९२३ पासून गाडी ओढू लागले. इकडचा कापूस समुद्र ओलांडून तिकडे जाई आणि तिकडचे लोखंड समुद्र ओलांडून इकडे येई, असा तो व्यवहार होता. कापसासाठी घातलेल्या या रुळांवरून हळूहळू माणसे जाऊ-येऊ लागली. बाजाराला जाणारे शेतकरी, माहेरी निघालेल्या लेकीबाळी, शाळा-कचेऱ्यांची कामे असलेले लोक, सर्वांना ती आपली वाटू लागली. स्वातंत्र्यानंतर देशातील बहुतेक सर्व लोहमार्ग सरकारच्या मालकीचे झाले, तरी हा मार्ग मात्र दीर्घकाळ खाजगी कंपनीच्या मालकीचा राहिला. गाडी भारतीय रेल्वे चालवी. मालकी कोणाचीही असो, तिला रोज जागे करणारे हात मात्र येथल्याच माणसांचे होते.

जागे करणे हाच शब्द येथे योग्य आहे. डिझेलचे किंवा विजेचे इंजिन कळ दाबताच चालू होते. वाफेच्या इंजिनाचे तसे नसे. त्याला उठवावे लागे, न्हाऊ-माखू घालावे लागे, खाऊ-पिऊ घालावे लागे. थंडगार पडलेल्या इंजिनात पुरेशी वाफ तयार व्हावयास चांगले चार-सहा तास लागत. म्हणून सकाळच्या गाडीची तयारी आदल्या रात्रीच सुरू होई. सारे गाव झोपलेले असे, थंडीने कुत्रीसुद्धा अंगाचे वेटोळे करून पडलेली असत, आणि इंजिनाच्या शेडमध्ये कंदिलाच्या उजेडात एखादा आगवाला डोक्याला मुंडासे गुंडाळून कामाला लागलेला असे. भट्टीत कोळसा घालून विस्तव सांभाळणाऱ्या माणसाला आगवाला म्हणत.

त्याचे पहिले काम विस्तव पेटविण्याचे नसे. पाणी पाहण्याचे असे. इंजिनाच्या बॉयलरमध्ये पाणी किती आहे, हे दाखविणारी काचेची एक नळी चालकाच्या जागेसमोर बसविलेली असते. ती नळी पाहिल्यावाचून काडी ओढावयाची नाही, हा त्या धंद्यातला पहिला धडा. भट्टीच्या लोखंडी छतावर नेहमी पाणी खेळत असले पाहिजे. ते पाणी कमी झाले आणि छत उघडे पडले, तर लोखंड तापून लाल होते, मऊ पडते आणि आतील वाफेच्या दाबाने फाटते. मग इंजिन चालविणाऱ्यांच्या जिवावर बेतते. म्हणून त्या छतात शिसे भरलेली एक खुंटी बसवीत. पाणी घटले की शिसे वितळे, वाफ भट्टीत घुसे आणि माणसे सावध होत. पण शहाणा आगवाला त्या खुंटीवर विसंबत नसे. त्याचा विश्वास आपल्या डोळ्यांवर असे.

पाण्याची खात्री झाली की भट्टी पेटविण्याचे काम सुरू होई. आधी चिंध्या आणि लाकडाच्या ढलप्या, त्यांनी पेट घेतला की दगडी कोळशाचे लहान तुकडे आणि मग हळूहळू मोठे. येथे घाई उपयोगाची नसे. एकाएकी मोठा जाळ केला तर लोखंडाचा एक भाग आधी तापे, दुसरा थंडच राही. एक फुगे आणि दुसरा फुगत नसे. त्या ओढाताणीत सांधे सैल होत आणि नळ्या गळू लागत. म्हणून सर्व लोखंड सावकाश, एकसारखे तापू द्यावे लागे. लहान मुलाला हलक्या हाताने उठवावे, तसे हे काम. दोन फेऱ्यांच्या मध्ये थोडाच वेळ असेल, तर विस्तव पुरता विझू देत नसत. खेड्यातल्या बाया रात्री चुलीतला निखारा राखेखाली पुरून ठेवीत आणि पहाटे फुंकर घालून तो जागवीत; तीच युक्ती मोठ्या प्रमाणावर येथे चाले.

आगवाल्याला मदत करणारे आणखी काही हात असत. कालच्या प्रवासातली राख आणि जळून घट्ट झालेले कोळशाचे गोटे लांब दांड्याच्या दाताळ्याने ओढून काढावे लागत. ती राख नाकातोंडात जाई, अंगाला चिकटे. धुराड्याच्या खालची काजळी खरवडावी लागे. काही दिवसांनी बॉयलर पुरता थंड करून आतून धुवावा लागे. जड पाणी सतत उकळले, की भांड्याच्या तळाला पांढरे पूट धरते, हे घरोघरी दिसते. तसेच पूट बॉयलरच्या पोटात धरे. ते वेळीच काढले नाही, तर कोळसा अधिक जळे आणि वाफ कमी मिळे, शिवाय लोखंडालाही धोका पोहोचे. इंजिनाचे बाहेरचे अंग सुताच्या बोळ्याने घासूनपुसून चकचकीत करीत. ज्या कापसासाठी हे इंजिन दूरदेशाहून आले होते, त्याच्याच सुताने त्याचे अंग पुसले जाई, ही मोठी गमतीची गोष्ट होती.

पुसण्याच्या कामाला काही जण हलके समजत. परंतु पुसणाऱ्याचा हात यंत्राच्या प्रत्येक भागावरून फिरे. तेलकट मळाखाली लपलेली बारीक चीर, ढिली झालेली चाकी, झिजलेली खुंटी प्रथम त्याच्याच हाताला लागे. अनेक आगवाले आणि चालक आपल्या नोकरीचा आरंभ याच कामापासून करीत. इंजिन चालविण्यापूर्वी ते पुसावयास शिकले पाहिजे, असा जणू तेथला दंडकच होता.

पहाटेच्या सुमारास चालक येई. हातात लांब चोचीचे तेलाचे भांडे घेऊन तो इंजिनाभोवती फिरे. जेथे लोखंडावर लोखंड घासते, तेथे तेथे तेल पोहोचले पाहिजे. एक जागा जरी विसरली, तरी काही कोसांवर तो भाग तापून लाल होणार आणि गाडी रानात अडकणार. काही ठिकाणी तो हाताच्या पालथ्या बाजूने लोखंड चाचपी. चाके तपासणारा माणूस हातोडी घेऊन प्रत्येक चाकावर टकटक करी आणि कान देऊन ऐके. बाजारात मडके घेताना बोटाने वाजवून पाहतात. पक्के मडके खणखणीत बोलते, चीर गेलेले मडके बद्द वाजते. चाकांचेही तसेच आहे. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला ऐकू येते. ऐकणाऱ्याचे मन मात्र ठिकाणावर असले पाहिजे.

इंजिनाबरोबर वाळूही न्यावी लागे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पहाटेच्या दवाने किंवा पावसाच्या भुरभुरीने रूळ ओले झाले, की चाके जागच्या जागी गरगर फिरत. अशा वेळी एका नळीतून चाकांपुढे रुळांवर थोडी थोडी वाळू सोडीत. ती ओली असून चालत नसे. म्हणून आधी चाळून आणि तापवून ती कोरडी करीत, लाह्यांसाठी कढईत वाळू तापवावी तशी.

गाडी यवतमाळला येऊन थांबली, म्हणजे या तयारीचा दुसरा अध्याय सुरू होई. उतारू आपापली गाठोडी सावरीत बाहेर पडत. फलाटावर क्षणभर गजबज होई आणि मग सारे सामसूम. प्रवास संपला, असे वाटे. पण याच रिकाम्या गाडीला आता नव्या माणसांसाठी सज्ज व्हावयाचे असे. डब्यांमध्ये भुईमुगाची टरफले, संत्र्यांच्या साली, विड्यांची थोटके, कापसाचे पुंजके पडलेले असत. झाडूवाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाई. एखाद्या बाकाखाली कोणाची विसरलेली पिशवी, कोणा मुलाची एक चप्पल सापडे. ती तो स्थानकात नेऊन देई. उतारूंनी बेपर्वाईने टाकलेल्या वस्तूंवरून त्याचा झाडू फिरे, आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांना डबा स्वच्छ मिळे. ज्यांनी घाण केली ते त्याला ओळखत नसत. ज्यांना स्वच्छ जागा मिळाली तेही ओळखत नसत.

तिकडे इंजिन डब्यांपासून सोडविले जाई. ते बाजूच्या रुळावरून फिरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला आणावयाचे असे. त्यासाठी सांधेवाला रुळांचे सांधे हातांनी ओढून बदली. इंजिन पाण्यासाठी उभे राही, तेव्हा हत्तीने सोंडेने पाणी घ्यावे तसे दिसे. फरक इतकाच, की येथे सोंड पाणी देणाऱ्याची असे. कोळसा फावड्याने पुढे ओढून घेतला जाई. जोडणीचे आकडे पुन्हा अडकवीत, ते नीट बसले की नाही हे ओढून पाहत. दोन डब्यांच्या मधल्या अरुंद जागेत वाकून हे काम करताना थोडेसेही दुर्लक्ष महागात पडे.

मग दिव्यांची पाळी. रात्री वाट चालावयाची, तर कंदिलांच्या काचा पुसणे, वाती कापणे, घासलेट भरणे, ही कामे उजेडातच उरकावी लागत. त्यांत शेवटच्या डब्याच्या पाठीमागे लागणारा तांबडा दिवा फार महत्त्वाचा. तो दिवा केवळ मागून येणाऱ्यांना सावध करण्यासाठी नसतो. गाडी स्थानकातून पुढे जाते, तेव्हा तेथील कर्मचारी मुद्दाम तिची शेपटी पाहतो. शेवटचा दिवा दिसला, म्हणजे गाडी सगळीच्या सगळी आली, एकही डबा मागे तुटून राहिला नाही, असे समजते. इतक्या मोठ्या गाडीच्या सुखरूपतेची साक्ष एक छोटासा दिवा देतो.

गाडी अशी सज्ज होत असता, रुळांवरही कोणीतरी चालत असे. पाठीवर अवजारे घेतलेले हे लोक ऊन-पावसाची पर्वा न करता मैलच्या मैल रूळ तपाशीत जात. यवतमाळच्या बाजूची काळी माती मोठी लहरी. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात सुकून तिला हात हात खोल भेगा पडतात. तिच्यावर टाकलेला मार्ग कोठे खचतो, कोठे वर येतो. उन्हाने रूळ तापले, की ते लांबीने वाढतात. म्हणून दोन रुळांच्या मध्ये ठेवलेली फट बुजली नाही ना, हेही पाहावे लागते. ढिला झालेला खिळा ठोकावयाचा, सरकलेली खडी पुन्हा रुळांखाली भरावयाची, पाऊस झाला की पुलाखालचे पाणी पाहावयाचे. हे काम कधीच संपत नसे. आज बसविलेली खडी उद्याची गाडी थोडीशी हलवीच.

आता समजा, पावसाळ्यातल्या एका पहाटे अशा माणसाला मार्गाखालची माती वाहून गेलेली दिसली. तो तांबडा कंदील घेऊन धावत सुटतो, गाडी थांबवितो. मंडळी जमते, खडी-माती भरली जाते आणि तासाभराने गाडी पुढे सरकते. डब्यांतले लोक काय म्हणतात? “या गाडीचे हे नेहमीचेच! कधी म्हणून वेळेवर पोहोचायची नाही!” कोणाचा बाजार हुकलेला असतो, कोणाची पुढची गाडी चुकलेली असते. त्यांचा त्रागा खोटा नसतो. परंतु रुळांच्या कडेला चिखलाने भरलेल्या पायांनी उभा असलेला तो मनुष्य त्यांच्या खिडकीसमोरून मागे जातो, आणि त्याने आपले प्राण वाचविले हे त्यांना कळतच नाही. अपघात झाला असता, तर सर्वांना कळले असते. तो टळला, म्हणून कोणालाच कळत नाही. पडद्यामागे काम करणाऱ्यांच्या वाट्याला हे दैव येते. काम बिघडले, तर बोट त्यांच्याकडे जाते. ते साधले, तर ते झाले होते असेही कोणाला वाटत नाही.

अशा माणसाची खरी परीक्षा दिवसाउजेडी होत नसे. ती रात्री होई. शेडमध्ये आगवाला एकटाच असे. थंडीने बोटे आखडलेली असत आणि डोळ्यांवर झोप दाटून येई. पाण्याची नळी पुन्हा एकदा नाही पाहिली, म्हणून कोण विचारणार होते? चाकावर हातोडी मारणाऱ्याने शेवटची दोन चाके तशीच सोडली असती, तर कोणाला दिसले असते? बहुधा काही बिघडलेही नसते. दहा वेळा, वीस वेळा सुखरूप निभावले असते. पण एकविसाव्या वेळी जी माणसे डब्यांत बसली असती, त्यांचा त्यात काय दोष? हे ओळखून, कोणी पाहत नसताना, ज्याने उठून पुन्हा एकदा कंदील नळीसमोर धरला, त्याच्यामुळे ही गाडी चालली. कोळसा आणि पाणी ही इंजिनाची सामग्री झाली. पण गाडी ज्याच्या आधारावर चाले, तो विश्वास अशा रात्रींत तयार होई. खिडकीला डोके टेकून आई झोपी जाई आणि तिच्या मांडीवर मूल झोपी जाई, ती झोप एका अनोळखी माणसाच्या जागरणावर उभी असे.

पुढे पुढे या मार्गावर माणसे थोडी उरली आणि कामे तितकीच राहिली. तिकिटे देणे, फाटके लावणे, इंजिन सोडणे आणि जोडणे अशी निरनिराळी कामे मोजकी माणसेच हातांनी करीत. मार्गावरच्या जुन्या सिग्नलांवर लिव्हरपूल या इंग्लंडमधील गावाचे नाव आणि १८९५ हे साल कोरलेले होते. पाहुणे येत, ती अक्षरे कौतुकाने वाचीत. ते कौतुक वावगे नव्हते. परंतु ज्या गावात लोखंड ओतले गेले, त्या गावाचे नाव लोखंडावर राहिले. ज्यांनी ते लोखंड वर्षानुवर्षे पुसले, तेल घालून चालते ठेवले, त्यांचे नाव मात्र कोठेही कोरलेले नव्हते.

१५ एप्रिल १९९४ रोजी ते वाफेचे इंजिन निवृत्त झाले आणि त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. सत्तर वर्षांच्या आसपास त्याने सेवा केली होती. नवे इंजिन लवकर तयार होई, त्याला राख नव्हती, काजळी नव्हती. रात्रभर विस्तव राखण्याचे काष्ट संपले, हे चांगलेच झाले. परंतु त्याबरोबर एक विद्याही मावळली. कोळशाच्या जाळाचा रंग पाहून वाफेचा अंदाज बांधणारे डोळे आणि लोखंडाच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखणारे कान यांची आता गरज उरली नाही. ती विद्या पुस्तकांत फार थोडी होती. ती हातांत होती, आणि हातांबरोबरच गेली.

त्यानंतर काही वर्षे शकुंतला धावत राहिली. मग तीही थांबली. आज त्या अरुंद रुळांवर गाडी नाही; कोठे गवत वाढले आहे, कोठे बाभळी उगवल्या आहेत. वृद्ध माणसांपाशी विषय काढला, की ती गाडीच्या संथ चालीच्या गोष्टी हसत हसत सांगतात. गाडी संथ होती हे खरे. पण रोज पहाटे ती सज्ज उभी राही, याचे श्रेय ज्यांचे, त्यांच्या गोष्टी सांगणारे थोडे.

काळ थांबत नाही. वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जाणाऱ्या रुंद रुळांच्या नव्या मार्गाचे काम हाती घेण्यात आले आणि २०२४ साली वर्ध्याहून यवतमाळ जिल्ह्यातील कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. या नव्या गाडीला रात्री भट्टी पेटवावी लागत नाही. तरीही तिचे डबे कोणीतरी धुतो, पाण्याच्या टाक्या कोणीतरी भरतो, गाडी थांबविणारी यंत्रणा कोणीतरी तपासतो, आणि नव्या रुळांवरूनही कोणीतरी उन्हातान्हात चालतच असतो. काळ्या मातीचा स्वभाव काही बदललेला नाही. साधने बदलली, परंतु दुसऱ्यासाठी आधी उठणे चुकलेले नाही.

शाळेची घंटा होते आणि मुले वर्गात येऊन बसतात, तेव्हा फळा पुसलेला असतो, माठ भरलेला असतो, अंगण झाडलेले असते. तेथेही एक गाडी कोणीतरी सज्ज करून ठेवलेली असते. त्या माणसाचे आभार मानलेच पाहिजेत, असा त्याचा आग्रह नसतो. पण झाडलेल्या अंगणात पुन्हा कागदाचे बोळे न टाकणे, हे आभार मानण्याहूनही अधिक आहे.

शकुंतलेतून उतरणाऱ्यांत एखादा उतारू असाही असे, की जो घाईने घराकडे वळत नसे. फलाटावरून चालता चालता तो इंजिनापाशी क्षणभर थांबे. वर काजळीने माखलेल्या तोंडाचा आगवाला कपाळावरचा घाम पुशीत असे. उतारू हात जोडून “रामराम” म्हणे. आगवाला किंचित हसून “रामराम” म्हणे आणि लगेच वळून पाण्याच्या नळीकडे पाही. पुढच्या गाडीची वेळ होत आलेली असे.